गाडीतली बाई काय मागते?

१

कार्ड हरवलं मंगळवारी, आणि शुक्रवार उजाडेपर्यंत सगळ्यांचं ठरूनही गेलं होतं की ते सिस्टरनंच लांबवलं. आता प्रश्न एवढाच होता की हे कागदावर लिहायचं कोणी. कोणाला हात काळे करायचे नव्हते, म्हणून मग चौकशीबाईंना बोलावणं गेलं.

चौकशीबाई म्हणजे तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या बाई. निवृत्तीनंतर गुडघे दुखायला लागले आणि लोकांची लफडी निस्तरायची कामं यायला लागली, दोन्ही एकदमच. दर वेळी त्या म्हणायच्या, ही शेवटची. घरी आता त्यावर कोणी हसतसुद्धा नसे.

दवाखाना लहानसाच होता, पण तिथले पेशंट बरे होऊन घरी जाणाऱ्यातले नव्हते. ज्यांचं आता फक्त दुखणं कमी करता येतं, अशांसाठी तो होता. बहुतेक जण घरीच अंथरुणाला खिळलेले. डॉक्टर आणि सिस्टर गाडीतून त्यांच्या घरी जायचे, वेदना थांबवणारं इंजेक्शन द्यायचे, पुढच्या घरी जायचे. ती औषधं जालीम. दवाखान्यात त्यांचं लोखंडी कपाट आणि घरभेटीच्या बॅगेत एक छोटी पेटी, दोन्ही एकाच पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कार्डानं उघडायची. कार्ड सकाळी सही करून न्यायचं, संध्याकाळी सही करून परत द्यायचं. मंगळवारी सकाळी सही सिस्टरची होती. संध्याकाळची जागा कोरी.

"पाचला मंडळाची बैठक आहे," दवाखान्याचे चिटणीस म्हणाले. "तुमचा अहवाल आला की लगेच सही. सिस्टरचं नाव नर्सांच्या नोंदणीतून काढायला वर पाठवून देऊ. डोक्याचा ताप संपला."

"औषधं किती गेली?"

"एकही नाही. कंपनीचा माणूस आणून कपाट उघडलं, सगळं जुळतंय."

"मग चोरी कसली?"

"आज नाही केली, उद्या केली असती!" चिटणीसांनी घड्याळाकडे पाहिलं. "अहो, कार्ड असंच कोणी का लपवेल?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता. फक्त चिटणीसांना ते कळलं नव्हतं.

सिस्टर आतल्या खोलीत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, हातावर हात ठेवून, डॉक्टरांच्या दारात पेशंट बसतात तशा. तीन दिवसांत लोकांनी त्यांचं कपाट उपसलं होतं, घर उपसलं होतं, डब्यातली पोळीसुद्धा उलटून पाहिली होती. एकोणीस वर्षांची नोकरी, आणि ही गत.

"हरवलं माझ्याकडून," चौकशीबाई टेकायच्या आतच त्या म्हणाल्या. "लिहा आणि मोकळ्या व्हा."

चौकशीबाईंनी पेनाचं टोपणही काढलं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी नाही म्हणणारे पुष्कळ पाहिले होते. इतक्या घाईनं हो म्हणणारं माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कोणासाठी तरी म्हणत असतं.

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"पाचव्या घरी. इंजेक्शन दिलं, पेटी लावली, कार्ड बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकलं. खाली येऊन गाडीत बसले, तर आठवलं, बीपीचं यंत्र वरच राहिलं. म्हणून बॅग पुढे डॉक्टरांच्या पायाशी ठेवून परत वर गेले. पाच मिनिटं."

"बॅगेपाशी कोण होतं?"

"मामा होते, म्हणजे आमचे ड्रायव्हर. डॉक्टर होते. इथे पोचल्यावर बॅग उतरवून घेतली औषधवाल्यांनी." सिस्टर थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "पण त्यांना कशाला विचारता? मी कबूल केलंय ना? माझं नाव लिहा की!"

त्या रडकुंडीला आल्या होत्या, पण स्वतःसाठी नव्हे. चौकशीबाईंनी उसासा टाकला. म्हणजे आता गुडघे घेऊन जिना उतरायचा आणि ती गाडी बघायची.

२

गाडी जपानी, बावीस वर्षांची. आधी तिकडे कोणाच्या तरी घरची, मग बोटीत बसून इकडे आलेली, आणि नऊ वर्षांपूर्वी दवाखान्यानं घेतलेली. रंग मूळचा कोणता हे मामांनाच ठाऊक. मामा साठीला टेकलेले, उंचीनं बेताचे, तोंडानं अघळपघळ.

"दोनदा झाडली मी गाडी," ते म्हणाले. "सीटखाली, गालिच्याखाली, स्टेपनीखाली. कार्ड सोडून सगळं मिळालं. हे बघा."

त्यांनी बोनेटवर वर्तमानपत्र पसरून बावीस वर्षांची अडगळ मांडली होती. पारदर्शक प्लॅस्टिकची छत्री. मध्ये भोक असलेलं एक पिवळट नाणं. लहान मुलीचा केसांतला चाप. लाल रंगाची जाडजूड कांडी, जी पाहून वॉचमनची पाचावर धारण बसली होती. पण मामांना माहीत होतं, ती गाडी बंद पडली तर रस्त्यात पेटवून ठेवायची खुणेची कांडी होती. जपानी छपाईची एक सर्व्हिसची वही. आणि रेशमी कापडाची बोटभर पिशवी, तोंड गाठ मारून बंद केलेली.

"इतकी वर्षं हे सगळं गाडीतच?"

"वही समोर असायची, बाकी सगळं मागच्या सीटच्या फटीत. आम्ही कशाला सीट उचकटतोय? ज्याचं होतं त्यानं विसरून टाकलं, आम्हाला सापडलं नाही." मामांनी छपरावर थाप मारली. "गुणी आहे हो बिचारी. फक्त मंगळवारपासून रुसलीय."

"कोण रुसलंय?"

"आतली बाई. गाडी सुरू केली की बोलते ना ती, जपानीत. तिचं आपलं एक लांबलचक वाक्य, रोज तेच. मी म्हणतो, नमस्कार बाई! की निघालो. आता आधी टूंटूं करते आणि काहीतरी तुटक बोलते. मी सगळ्यांना सांगितलं, पण मी पडलो ड्रायव्हर."

"काय म्हणते ती?"

"सुप्रभात म्हणत असणार, दुसरं काय? डॉक्टरसाहेब आपले चेष्टा करतात. म्हणतात, मामा, ही बाई रोज मागते, एकदा तिला द्यायला हवं." मामा हसले. "म्हटलं, साहेब, सर्व्हिसिंग मागत असेल!"

चौकशीबाई हसल्या नाहीत, कारण त्यांचं लक्ष सर्व्हिसच्या वहीत होतं. जपानी ओळींच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, आपल्या लिपीत. ऑइल. ब्रेक. टायर. प्रत्येकापुढे तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असली उलटी तारीख त्यांनी सरकारी कागदांत कधी पाहिली नव्हती.

"हे कोणी लिहिलं?"

"आधीपासून आहे. विकणाऱ्यानं लिहिलं असेल. मी त्यावरूनच ऑइल बदलत आलोय."

तेवढ्यात औषधवाले खाली आले. दवाखान्याचं औषधांचं खातं सांभाळणारे हे चाळिशीचे गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात वावरायचे आणि संशय घ्यायला कायम तयार असायचे. त्यांची नजर रेशमी पिशवीवर गेली.

"हे काय? बांधून ठेवलंय! बाई, तुम्ही कार्ड शोधताय, माल तर इथे आहे!" त्यांनी पिशवी उचलून गाठीला नख लावलं.

"उघडू नका!"

आवाज मागून आला होता. पायरीवर डॉक्टर उभे होते. पांढऱ्या केसांचे, कधी कोणावर आवाज न चढवलेले डॉक्टर.

३

डॉक्टरांनी पिशवी औषधवाल्यांच्या हातून घेतली, खिशात टाकली आणि वर निघून गेले.

"पाहिलंत?" औषधवाले चौकशीबाईंच्या कानाशी लागले. "मी म्हणतच होतो, सिस्टर एकटी नाही. त्या दोघांचं काहीतरी शिजतंय. महिनाभर बघतोय, दोघं बंद दाराआड कागद घेऊन बसतात. मी आत गेलो की गप्प!"

"मंगळवारी बॅग तुम्ही उतरवलीत. कप्पा पाहिलात?"

"तिथेच उघडला. रिकामा होता. मामा साक्षीला आहेत." मामांनी मान हलवली.

चौकशीबाई पुन्हा जिना चढल्या. पायऱ्या एकवीस होत्या. आता त्या पाठ झाल्या होत्या.

डॉक्टरांनी त्यांना आदरानं बसवलं. "चहा घ्याल?"

"चालेल."

"त्या पिशवीचं म्हणाल तर, त्यात काही नाही. कागदाचा तुकडा असेल. कोणीतरी प्रवास सुखरूप व्हावा म्हणून ठेवलीय. तसली पिशवी उघडायची नसते, उघडली की तिच्यातलं बळ जातं म्हणतात." ते कसनुसं हसले. "म्हातारा माणूस, मी उगाच ओरडलो."

"मंगळवारी सिस्टर यंत्र आणायला वर गेल्या, तेव्हा तुम्ही काय करत होता?"

डॉक्टर विचारात पडले. बराच वेळ पडले. "बसलो होतो. पुढच्या सीटवर. मागे पाठ धरते माझी." मग त्यांचा चेहरा उजळला. "चहा घ्याल?"

चौकशीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "घेईन," त्या हळूच म्हणाल्या.

टेबलावर घरभेटींचं रजिस्टर होतं. चहा येईपर्यंत त्यांनी ते चाळलं. डॉक्टरांचं अक्षर बारीक, पेशंटचं नाव, औषध, मात्रा. गेल्या महिन्यात तीन ठिकाणी मात्रा खोडून सिस्टरच्या गोल अक्षरात पुन्हा लिहिलेली. तिन्ही वेळा औषध तेच, आकडेही तेच. बदललेला फक्त दशांशाचा बिंदू. आणि वर कोपऱ्यात तारीख. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

चहा आला तसा त्यांनी तो एका घोटात संपवला. जीभ भाजली तरी त्यांना कळलं नाही. घड्याळात साडेतीन झाले होते.

४

"मामा, गाडी सुरू करा."

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. मला तुमच्या बाईला ऐकायचंय."

चौकशीबाई पुढच्या डाव्या सीटवर बसल्या, जिथे डॉक्टर बसायचे. मामांनी किल्ली फिरवली. टूंटूं झालं, आणि एक बाई अत्यंत सौजन्यानं काहीतरी तुटक बोलली.

"ऐकलंत? रुसलीय!"

"मंगळवारी सकाळी कशी बोलली होती?"

"नेहमीसारखी, लांबलचक."

"आणि पाचव्या घरून निघताना?"

मामांनी डोळे बारीक केले. "तेव्हापासूनच हो! मी बाहेर काच पुसून आत बसलो, नमस्कार बाई म्हणणार, तर टूंटूं. सिस्टर मागे बसतच होत्या."

"आवाज येतो कुठून?"

"समोरून कुठून तरी. रेडिओतून असेल. आम्ही कधी शोधलं नाही. कोणी चांगलं बोलत असेल तर कशाला उचकायचं?"

चौकशीबाईंनी समोरचा कप्पा उघडला. आत फडकी, टॉर्च, जुन्या पावत्या. मामांनी हे सगळं दोनदा उपसलं होतं, पण वरून बघून. चौकशीबाई गुडघ्यांना शिव्या घालत खाली वाकल्या आणि कप्प्याच्या आत मान घालून वर पाहिलं. आतल्या छताला एक काळी डबी चिकटवलेली होती, तिच्यावर इवलासा हिरवा दिवा. डबीला एक फट होती. बोटांनी चाचपलं तर एक बटण लागलं.

त्यांनी ते दाबलं. डबीतून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कार्डाची कड बाहेर आली.

५

मामा ओरडणारच होते. चौकशीबाईंनी त्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं, पुन्हा एकवीस पायऱ्या चढल्या, आतल्या खोलीचं दार लोटलं आणि कार्ड सिस्टरच्या पुढ्यात ठेवलं.

सिस्टरनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "कुठे होतं?"

"गाडीतल्या बाईच्या तोंडात." चौकशीबाई धपकन बसल्या. "तिकडे गाडीच्या टोलसाठी कार्ड घालायची डबी असते म्हणे. कार्ड नसलं की ती तसं सांगते, भलतंच कार्ड घातलं की टूंटूं करते. आपल्या मामांना वाटतं ती सुप्रभात म्हणते. हे कार्ड लपवायला कोणी तिथे ठेवलं नाही, सिस्टर. लपवणारा अशी जागा कशाला निवडेल जी गाडी सुरू केली की बोंबलते? आणि तिथे कार्डाची फट आहे हे मामांनासुद्धा माहीत नाही. ते फक्त अशा माणसाला माहीत, ज्याला ती काय बोलते ते समजतं. तिनं कार्ड मागितलं. त्यानं दिलं."

"इथे जपानी कोणाला येतंय?" सिस्टर म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता.

"ज्यानं सर्व्हिसच्या वहीत अर्थ लिहून ठेवले. जो तारीख उलटी लिहितो, तिकडच्यासारखी. ज्याला ती पिशवी उघडायची नसते हे ठाऊक आहे."

सिस्टरनी कार्ड उलटं करून ठेवलं. मग म्हणाल्या, "तरुणपणी दोन वर्षं होते तिकडे, शिकायला. कोणाला सांगत नाहीत. ही गाडीही त्यांनीच पसंत केली, चिटणीस नको नको म्हणत असताना. कार्ड त्यांच्याच हातून कुठेतरी गेलं असणार हे मी ओळखलं होतं. कुठे ते मात्र देवाशपथ माहीत नव्हतं."

"नऊ वर्षं ते त्या पुढच्या सीटवर बसतायत. नऊ वर्षं ती मागतेय, आणि नऊ वर्षं ते चेष्टेवारी नेत होते, कारण हे यंत्र आहे एवढं त्यांना कळत होतं." चौकशीबाईंना पुढचं बोलायचा कंटाळा आला, खरोखरच कंटाळा. "मंगळवारी कळलं नाही. कधीपासून चाललंय?"

"पाच महिने." सिस्टरचे डोळे भरून आले. "तुम्ही लिहू नका. गाडीत पडलं होतं म्हणा. माझी चूक म्हणा. त्यांनी या गावातली किती माणसं शांतपणे जाऊ दिलीत माहितेय? माझी आईसुद्धा. त्या रात्रभर ते तिच्या उशाशी बसून होते. त्यांना आता लोकांनी वेडा म्हणायचं?"

चौकशीबाईंना मोह झाला. 'कार्ड वाहनात पडलेले आढळले.' चार शब्द. सिस्टरला समज देऊन सोडून देतील, डॉक्टरांचं नाव येणार नाही, आणि आपल्याला सव्वापाचची बस मिळेल. त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

"तो बिंदू मी पाहिला," त्या म्हणाल्या. "रजिस्टरमधला. तीन वेळा तुम्ही दुरुस्त केलात."

"दर वेळी इंजेक्शन भरायच्या आधी. एकदाही चुकू दिलं नाही मी!"

"नाही दिलंत. पण आज पाच वाजता तुम्हाला काढलं असतं तर? सोमवारी तो बिंदू कोण बघणार होतं?"

सिस्टरनी चटकन वर पाहिलं. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माणसाला वाचवण्याच्या नादात त्या माणसाच्या हातून काय होईल, हे त्या विसरल्या होत्या.

"कुठला बिंदू?"

दारात डॉक्टर उभे होते. हातात चहाचे दोन कप होते.

६

ते खुर्चीवर बसले आणि रजिस्टर मागवून तिन्ही पानं स्वतः पाहिली. त्या वेळी त्यांचं डोकं अगदी लख्ख होतं. तेच जास्त वाईट वाटलं.

"दहापट," ते म्हणाले. "सिस्टर, तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं, डॉक्टर. दोनदा."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग त्यांनी एक कोरा कागद ओढला, कोपऱ्यात तारीख घातली, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि लिहिलं. कार्ड मी ठेवले. सिस्टरचा काही दोष नाही. माझी स्मृती भरवशाची राहिलेली नाही, आजपासून मी पेशंट तपासणार नाही. चौकशीबाईंनी तो कागद आपल्या अहवालाला जोडला आणि स्वतःच्या अहवालात 'वरीलप्रमाणे' एवढंच लिहिलं. पाचला दहा कमी असताना तो चिटणीसांच्या टेबलावर गेला. औषधवाले जिन्यात भेटले, काहीतरी म्हणणार होते, पण सिस्टरचा चेहरा बघून बाजूला झाले.

संध्याकाळी मामा डॉक्टरांना घरी सोडायला निघाले. सिस्टर मागे बसल्या. चौकशीबाईंची बस चुकलीच होती, म्हणून त्यांनाही स्टँडवर सोडायचं ठरलं. डॉक्टरांनी पुढे बसून ती रेशमी पिशवी आरशाला अडकवली.

मामांनी किल्ली फिरवली. आज टूंटूं झालं नाही. बाई पूर्वीसारखी लांबलचक, गोड बोलली.

"आता तरी सांगा साहेब, काय म्हणते ही?"

"कार्ड घातलेलं नाही म्हणते. एवढंच."

"एवढंच? अहो, नऊ वर्षं मी तिला नमस्कार करतोय!"

डॉक्टर मनापासून हसले. सिस्टरही हसल्या, डोळे पुसत. चौकशीबाईंना वाटलं, चला, निभावलं.

फाटकापाशी समोरून रिक्षा आली. मामांनी करकचून ब्रेक दाबला आणि म्हातारी गाडी बंद पडली. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. बाई पुन्हा बोलली.

डॉक्टर कान देऊन ऐकत होते. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, मग पँटच्या, मग पुन्हा शर्टाच्या. ते कावरेबावरे झाले.

"अहो, ही कार्ड मागतेय," ते म्हणाले. "कधीची मागतेय बिचारी. माझं कार्ड कुठे गेलं?"

मामांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. चौकशीबाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या, कारण दुसरीकडे कुठे पाहावं ते त्यांना कळेना.

सिस्टर मागून पुढे वाकल्या आणि त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दिलं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आपण दिलं तिला."

"दिलं ना? नक्की?"

"नक्की. माझ्यासमोर दिलंत."

डॉक्टरांचा हात खिशावरून खाली आला. ते सीटला टेकून निवांत बसले. मामांनी घसा खाकरला, हळूच "नमस्कार बाई" म्हटलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली.